दाढेची मुळे आणि हिरडीचे ऑपरेशन



आजचा पाठ दातांच्या मुळांविषयी आहे. रात्रीच्या जेवणानंतर घरातल्या एकाने मोठ्याने वाचावा आणि बाकीच्यांनी ऐकावा. शेवटी उजळणीचे प्रश्न दिले आहेत.

भैंसा परिसरातले दोन सख्खे भाऊ. दोघांची शेती काळ्या रानात, दोघांचा कापूस एकाच गाडीतून बाजाराला जातो. हिरड्यांतून रक्त आणि पू येण्याचा त्रासही दोघांना. कापसाचे पैसे हाती आल्यावर दोघांनी एकाच वर्षी, एकाच डॉक्टरांकडून हिरडीचे ऑपरेशन करून घेतले. धाकट्याचा सुळा आज घट्ट आहे; ज्वारीची कडक भाकरी तो आरामात तोडतो. थोरल्याची वरची दाढ मात्र पुन्हा हलू लागली आणि तीन वर्षांत काढावी लागली. थोरला एक्स-रेची फिल्म घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "फादर, पैसे दोघांचे सारखेच गेले. मग माझ्याच कामात हयगय झाली का?"

फिल्म मी उजेडात धरली, पण मला तीतले फारसे उमगले नाही. पुढे या रोगाच्या जाणकार डॉक्टरांना विचारले, थोडे वाचन केले, आणि थोरल्याच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. हात एकच होता, हत्यारे तीच होती. मुळे मात्र निराळी होती. ते उत्तर आपणा सर्वांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे देतो.

१. हा रोग कोठे लागतो?

दात जेवढा दिसतो त्याहून मोठा भाग जबड्याच्या हाडात असतो. तो भाग म्हणजे मूळ. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतू असतात. बैलाच्या गळ्यात कासरा बांधावा तसे हे तंतू दाताला हाडाशी बांधून ठेवतात. वरून हिरडीची घट्ट कॉलर असते. निरोगी हिरडी आणि दात यांच्यामध्ये १ ते ३ मिलिमीटर खोल एवढीच फट असते.

दात नीट घासले नाहीत तर या फटीशी चिकट थर साचतो. त्यात असंख्य जंतू असतात. लाळेतल्या क्षारांनी तो थर कडक होतो. त्यालाच आपण किटण म्हणतो. मग हिरडी सुजते, घासताना रक्त येते. पुढे काही जणांत तंतू सुटू लागतात, हाड खाली झिजत जाते आणि फट खोल होते. डॉक्टर तिला पॉकेट म्हणतात. आपण खिसा म्हणू. खिसा खोल झाला की ब्रश तळापर्यंत पोहोचत नाही, आणि जंतूंना आयते घर मिळते. याच रोगाला आपल्याकडे पायोरिया म्हणतात.

ध्यानात ठेवावे की हा रोग बहुधा दुखत नाही. किडलेला दात रात्रभर जागवतो. पायोरिया वर्षानुवर्षे गुपचूप हाड खातो. म्हणून "दुखत नाही, म्हणजे बरे आहे" असे मानणे चुकीचे आहे.

२. कोणत्या दाताला किती मुळे?

पुढचे दात आणि सुळे यांना साधारणपणे एकच मूळ असते. सुळ्याचे मूळ सर्वांत लांब. ते कपाशीच्या सोटमुळासारखे सरळ खोल गेलेले असते. खालच्या दाढेला बहुधा दुफणीसारखी दोन मुळे असतात, एक पुढे आणि एक मागे. वरच्या दाढेला बहुधा तिफणीसारखी तीन मुळे असतात, दोन गालाच्या बाजूला आणि एक टाळूच्या बाजूला. वरच्या पहिल्या उपदाढेलाही पुष्कळदा दोन मुळे असतात. अक्कलदाढेचा मात्र नेम नाही.

दाढेची मुळे हिरडीपासूनच वेगळी होत नाहीत. आधी थोडे अखंड खोड असते आणि मग फाटे फुटतात, जसे बाभळीला काही अंतरावर बेचके येते. पहिल्या दाढांमध्ये हे खोड सरासरी ३ ते ५ मिलिमीटर एवढेच असते. निरोगी माणसाचे हाड मुळाच्या सुरुवातीपासून १ ते २ मिलिमीटर खाली असतेच. म्हणजे दोन-तीन मिलिमीटर हाड झिजले तरी पहिल्या दाढेचे बेचके उघडे पडू शकते. एवढ्या थोड्या अंतरावर सगळा निकाल अवलंबून असतो.

३. बेचक्याची अडचण

खुरपणी-कोळपणी करणाऱ्याला हे चटकन समजेल. दोन ओळींतले अंतर कोळप्याच्या पासेपेक्षा कमी असेल तर कितीही चांगला गडी लावा, कोळपे आत जाणार नाही आणि तण राहणार. दाढेच्या बेचक्याचे तसेच आहे. बोअर नावाच्या संशोधकाने १९७९ मध्ये पहिल्या दाढांच्या बेचक्यांची तोंडे मोजली. १०० पैकी ८१ तोंडे १ मिलिमीटरहून अरुंद निघाली आणि ५८ तर पाऊण मिलिमीटरहूनही अरुंद. किटण खरवडण्याच्या नेहमीच्या हत्याराचे पाते मात्र पाऊण ते एक मिलिमीटरच्या आसपास रुंद असते. म्हणजे पुष्कळ बेचक्यांत ते शिरतच नाही. म्हणूनच आता डॉक्टर बारीक टोकाची, कंप पावणारी यंत्रेही वापरतात.

बेचके किती उघडे पडले, यावरून डॉक्टर तीन पायऱ्या मानतात. वाकडी सळी आडवी घातल्यावर ३ मिलिमीटरपेक्षा कमी शिरली तर पहिली पायरी. त्याहून जास्त शिरली, पण आरपार गेली नाही तर दुसरी. एका बाजूने घातलेली सळी दुसऱ्या बाजूने निघाली तर तिसरी.

वरची दाढ खालच्या दाढेहून अवघड. खालच्या बेचक्याला दोन तोंडे असतात, एक गालाकडे आणि एक जिभेकडे. दोन्हीकडून हात पोहोचतो. वरच्या दाढेला तीन तोंडे असतात आणि त्यांतली दोन शेजारच्या दातांकडे वळलेली असतात. तेथे ब्रशही जात नाही आणि हत्यारही कष्टाने जाते. वरच्या पहिल्या उपदाढेचे बेचके सुमारे ८ मिलिमीटर खोल असते. रोग तेथवर पोहोचेपर्यंत दाताचा बहुतेक आधार गेलेला असतो.

येथे एक उलटसुलट हिशेब आहे. खोड आखूड असेल तर रोग बेचक्यात लवकर शिरतो, पण तेव्हा मुळांची बरीच लांबी हाडात शिल्लक असते आणि दाढ वाचवायला वाव असतो. खोड लांब असेल तर रोग उशिरा शिरतो, पण शिरल्यावर हाती फार थोडे उरते.

४. मुळावरच्या लपलेल्या खाचा

मूळ म्हणजे सुतारकाम केलेली गुळगुळीत खुंटी नव्हे. त्यावर खोलगट भाग असतात. बोअरनेच पाहिले की खालच्या पहिल्या दाढेच्या पुढच्या मुळाची बेचक्याकडची बाजू तपासलेल्या सर्व दाढांत आत दबलेली होती. वरच्या दाढेच्या गालाकडील पुढच्या मुळात हे प्रमाण १०० पैकी ९४ होते. अशा खोलगटात किटण बसले की सपाट पात्याने ते निघत नाही. घमेल्याच्या कोनात चिकटलेला चिखल सरळ फळीने निघत नाही, तसेच हे.

आणखी तीन गोष्टी सांगतो. काही दाढांवर दाताचे कडक कवच, म्हणजे इनॅमल, जिभेसारखे खाली उतरून बेचक्यापर्यंत गेलेले असते. कधी त्याचा मोत्यासारखा गोळाही असतो. इनॅमलवर हिरडीचे तंतू धरत नाहीत, त्यामुळे रोगाला तेथून सरळ वाट मिळते. ऑपरेशनच्या वेळी डॉक्टर ती जीभ घासून काढू शकतात. दुसरी गोष्ट, पुढच्या दोन मोठ्या दातांशेजारच्या वरच्या लहान दाताला क्वचित टाळूच्या बाजूने पन्हळीसारखी खाच असते. ती मुळावर खोल गेलेली असेल तर एकच मूळ असूनही तो दात वाचवणे कठीण जाते. तिसरी गोष्ट, काही दाढांची मुळे एकमेकांना चिकटून निमुळती झालेली असतात. अशा दाढेचा जमिनीतला पसारा कमी, म्हणून ती लवकर हलते. पसरलेल्या मुळांची दाढ जास्त काळ तग धरते.

या सर्व गोष्टी जन्मजात आहेत. त्यांत रोग्याचा दोष नाही आणि डॉक्टरचाही नाही.

५. ऑपरेशन काय करते आणि काय करत नाही?

पुष्कळांना वाटते की ऑपरेशनने रोग कापून काढला जातो. तसे नसते. पहिला उपचार म्हणजे किटण काढून मुळे स्वच्छ करणे. मग दोन-तीन महिने थांबून पुन्हा मोजणी होते. त्यानंतरही ६ मिलिमीटर किंवा त्याहून खोल खिसे उरले तर ऑपरेशनचा विचार होतो. जागा बधिर करून हिरडी चिरतात, पुस्तकाचे पान उचलावे तशी बाजूला करतात, मूळ डोळ्यांनी पाहून साफ करतात आणि टाके घालतात. थोडक्यात, ऑपरेशन म्हणजे आत पोहोचण्याची वाट. बरे करण्याचे काम पुढे शरीर करते, मूळ स्वच्छ राहिले तर.

या वाटेचा उपयोग किती? १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४ ते ६ मिलिमीटर खिशांमध्ये हिरडी न उघडता साफ केलेल्या बाजूंपैकी १०० मागे ४३ पूर्ण किटणमुक्त निघाल्या. हिरडी उघडून साफ केलेल्या ७६. सहाहून खोल खिशांत हेच आकडे ३२ आणि ५० होते. म्हणजे उघडून पाहिल्याने फायदा नक्की होतो. परंतु खूप खोल खिशात उघडूनही निम्म्या बाजूंवर काही ना काही किटण राहते.

हाड पुन्हा भरून आणण्याचे उपचारही आता आहेत. खड्ड्यात हाडाची भुकटी भरतात किंवा वर पातळ पडदा घालतात. येथेही आकारच निकाल देतो. तीन बाजूंनी बांध असलेल्या खड्ड्यात माती टिकते; चारी बाजूंनी मोकळ्या जागेत पहिल्या पावसात वाहून जाते. अरुंद खोल खड्डा आणि खालच्या दाढेचे दुसऱ्या पायरीचे बेचके यांत हा उपचार चांगला लागू पडतो. आरपार उघड्या बेचक्यात त्याचा भरवसा धरता येत नाही. अशा वेळी कधी रूट कॅनाल करून एक मूळ कापून काढतात, कधी बेचके बोगद्यासारखे मुद्दाम मोकळे करतात, म्हणजे त्यातून बारीक ब्रश फिरवता येतो.

६. मग दाढ वाचतच नाही का?

वाचते. निराश होऊ नका. अमेरिकेत हर्शफेल्ड आणि वासरमन या दोन डॉक्टरांनी १९७८ मध्ये ६०० रोग्यांचा हिशेब मांडला. हे रोगी उपचारानंतर सरासरी २२ वर्षे नियमित तपासणीत होते. एकूण दातांपैकी हिरडीच्या रोगाने गेले १०० मागे सुमारे ७. बेचके उघडे पडलेल्या दातांपैकी गेले १०० मागे सुमारे ३१. सर्वांत जास्त गेल्या त्या वरच्या दाढा, आणि सर्वांत कमी गेले ते खालचे सुळे. आमच्या दोन भावांची गोष्ट या आकड्यांत जशीच्या तशी दिसते. पण दुसरी बाजूही पाहा. बेचके उघडे पडूनही १०० पैकी जवळजवळ ७० दात इतकी वर्षे टिकले.

आता उलट उदाहरण. १९७७ मध्ये स्वीडनच्या नीमन, लिंडे आणि सहकाऱ्यांनी असे रोगी पाहिले की ज्यांचे ऑपरेशन झाले, पण पुढे दात स्वच्छ ठेवण्याची नियमित व्यवस्था नव्हती. दोन वर्षांत त्यांचे तंतू आणखी सुटले, हाड आणखी झिजले. नांगरून, पाळी घालून रान तयार केले आणि मग निंदणी केलीच नाही, तर काय होते ते आपण जाणतो.

७. डॉक्टरांना काय विचारावे?

कापसाचे पैसे वर्षातून एकदा येतात. ते खर्च करण्यापूर्वी न लाजता पुढील प्रश्न विचारा :

(१) या दाताला मुळे किती? बेचके उघडे पडले आहे का, आणि कोणत्या पायरीपर्यंत?
(२) मुळाभोवती हाड किती उरले आहे? एक्स-रेवर मला दाखवाल का?
(३) ऑपरेशनशिवाय, फक्त सफाईने भागेल का?
(४) ऑपरेशननंतर दर किती महिन्यांनी यावे लागेल?
(५) हा दात आपला असता तर आपण वाचवला असता का?

डॉक्टरांनी "ही दाढ काढणे बरे" म्हटले तर लगेच रागावू नका. हात न पोहोचणाऱ्या एका दाढेवर सगळे पैसे घालवण्यापेक्षा तेच पैसे उरलेल्या दातांच्या काळजीला लावणे कधी कधी शहाणपणाचे असते. उलट, मूळ एकच आहे, हाड निम्म्याहून अधिक आहे आणि दात फारसा हलत नाही, तर घाईने काढूनही टाकू नका. सरकारी दंत महाविद्यालयांत हिरड्यांच्या रोगाचा वेगळा विभाग असतो. आपल्याला हैदराबादला अफजलगंज येथे आणि महाराष्ट्रात छत्रपती संभाजीनगर येथे अशी सरकारी महाविद्यालये आहेत. आपले भैंसा पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होते, २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात आहे. दवाखान्याचे कागद करताना नवा जिल्हा लिहावा.

८. घरचे काम

सकाळी आणि रात्री निजण्यापूर्वी मऊ ब्रशने दात घासा. कडुनिंबाची काडी बाहेरच्या बाजूला चालते, पण मागच्या दाढांच्या फटीत ती पोहोचत नाही. तेथे फटीत घालायचा बारीक ब्रश हवा. राखुंडी, विटकरीची पूड, मीठ असले खरबरीत काही घासू नका. हिरडी खाली उतरलेल्या दाताचे मूळ मऊ असते आणि ते झिजते.

मशेरी, तंबाखू, गुटखा आणि बिडी सोडा. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याची जखम ऑपरेशननंतर नीट भरत नाही. शिवाय त्याच्या हिरडीतून रक्त कमी येते, त्यामुळे रोग लपून राहतो. साखरेचा आजार असेल तर ती आटोक्यात आणा. वाढलेल्या साखरेने हिरडीचा रोग बळावतो. ऑपरेशननंतर हिरडी थोडी आक्रसते, दात लांब दिसतात आणि गार पाणी झोंबते. त्याने घाबरू नका.

सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे वेळेवर जाणे. रक्त दिसले की जा. रोग खोडावर असतो तोवर साध्या सफाईने काम भागते. तो बेचक्यात उतरला की तीच सफाई दुप्पट कठीण आणि निम्म्या भरवशाची होते.

थोरल्या भावाला मी हे सर्व कागदावर चित्र काढून सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "फादर, डॉक्टरसाहेब मला फाटा-फाटा म्हणत होते. मला वाटले, ते रस्त्याविषयी बोलतात." त्याची खालची दाढही दुखावलेली आहे, बेचके दुसऱ्या पायरीचे आहे. या वेळी त्याने कापूस विकण्याची वाट पाहिली नाही. तंबाखूची डबी त्याने पत्नीच्या स्वाधीन केली, बारीक ब्रश आणला आणि दर तीन महिन्यांनी तपासणीला जाण्याचे कबूल केले. ती दाढ किती वर्षे टिकेल हे आज कोणी सांगू शकत नाही. पण या वेळी तिच्याविषयी काय करायचे ते त्याला ठाऊक आहे.

उजळणीसाठी प्रश्न

१. निरोगी हिरडी आणि दात यांमधील फट किती खोल असते?
२. वरच्या दाढेचे बेचके खालच्या दाढेहून साफ करायला अवघड का?
३. ऑपरेशनने रोग "कापून काढला" जातो, हे म्हणणे चूक का?
४. आपल्या घरात कोणाच्या हिरडीतून रक्त येते? त्यांना या महिन्यात कोण घेऊन जाणार?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर वहीत न लिहिता प्रत्यक्ष द्यावे.